कोणत्या लाटेला कोणता फिन? (मुल्की आणि कोवलमला बोर्ड नेणाऱ्या खान्देशकरांसाठी)

अमळनेरकर

राम राम मंडळी. सर्फिंगच्या दोन सहली ठरल्या आहेत. पहिली होळीनंतर, जळगावहून मंगला एक्स्प्रेसने मंगळुरू आणि तिथून मुल्की. दुसरी जुलैच्या शेवटी, नवजीवन एक्स्प्रेसने चेन्नई आणि पुढे तिथलंच कोवलम (केरळातलं नव्हे), महाबलीपुरम. बोर्ड एकच न्यायचा: ६ फूट ८ इंच, ४४ लिटर, खाली फिन, म्हणजे तळाला बसणारी पाती, लावायला फ्यूचर्स कंपनीच्या पद्धतीच्या पाच खाचा. वजन ८२ किलो. लाटेवर उभं राहून दोन्ही बाजूंना जाता येतं, जोरकस वळण अजून जमत नाही. बोर्डासोबत प्लास्टिकचे मीडियम मापाचे तीन फिन आले आहेत.

तीन लावायचे की चार? माप कोणतं? दोन किनाऱ्यांना वेगवेगळे लागतील का? दोन संचांच्या वर खर्च करायचा नाही.

तापीकाठ

अमळनेरकर, फिनचं दुकान उघडण्याआधी लाटेचे तीन आकडे वहीत घ्या: उंची, एका लाटेमागून दुसरी यायला लागणारे सेकंद म्हणजे पिरियड, आणि वारा. उंची सगळेच बघतात. पिरियड बघत नाहीत, आणि निम्मी चूक तिथेच होते.

खोल पाण्यात लाटेची लांबी काढायला पिरियडचा वर्ग करून १.५६ ने गुणायचं, उत्तर मीटरमध्ये येतं. ८ सेकंदांची लाट साधारण १०० मीटर लांब, १२ सेकंदांची जवळजवळ २२५ मीटर. उंची दोघींची एक मीटरच धरा, तरी १२ सेकंदवाली दीडपट ताकद आणते. ताकद पिरियडच्या पटीत आणि उंचीच्या वर्गाच्या पटीत वाढते. ८ सेकंदवाली लाट वाळूवर आली की मऊ पडते, बोर्डाला एक धक्का देते आणि सोडून देते. १२ सेकंदवाली उथळावर आली की उभी राहते आणि शेवटपर्यंत ढकलत राहते. पहिलीत वेग तुम्हाला तयार करावा लागतो, दुसरीत मिळालेला वेग सांभाळावा लागतो. फिन निवडायचे ते या दोनपैकी कोणतं काम आहे ते बघून.

होळीनंतर मुल्कीला बहुतेक दिवस गुडघा ते कमरेची लाट असते. सकाळी मतलई वारा असतो, पाणी गुळगुळीत. दुपारी खारे वारे सुटले की पाणी चुरगळतं आणि लाट विस्कटते. मधूनच दक्षिण हिंदी महासागरातून लांब पिरियडची लाट येते. एप्रिल-मेमध्ये ती जोरात आली की केरळचे लोक तिला कल्लक्कडल म्हणतात.

जुलैत पूर्व किनाऱ्याचं गणित उलटं. नैऋत्य मान्सूनचा वारा तिथे जमिनीकडून समुद्राकडे वाहतो, म्हणजे लाटेच्या तोंडावर येऊन तिला उभी धरतो. सकाळची लाट स्वच्छ मिळते. दुपारनंतर चेन्नईकडेही समुद्रावरून वारा फिरतो, म्हणून पाण्यात लवकर उतरा.

हैदराबादची इन्कॉइस संस्था किनाऱ्यानुसार उंची, पिरियड आणि वाऱ्याचा अंदाज देते. निघायच्या आधी आठवडाभर रोज तो बघा आणि लिहून ठेवा.

नवापूर_फाटा

अप्पा, मुळापासून सांगा ना. फिन नेमका करतो काय? मोठा-छोटा केल्याने काय बदलतं?

तापीकाठ

फिन नसेल तर बोर्डाचं शेपूट साबणासारखं घसरतं. पूर्वी पाय पाण्यात घालून दिशा धरायचे. १९३५ मध्ये टॉम ब्लेक यांनी बोर्डाखाली नावेच्या कण्यासारखी पट्टी बसवली, तिथून फिन आला. आज सगळीकडे दिसणारी तीन फिनांची रचना ऑस्ट्रेलियाच्या सायमन अँडरसन यांची, १९८० ची. त्याआधी मार्क रिचर्ड्स यांनी दोन फिनांच्या बोर्डावर १९७९ ते १९८२ अशी सलग चार जगज्जेतेपदं घेतली होती. म्हणजे दोन फिन कमी दर्जाचे असा समज करून घेऊ नका.

आता हातात एक बाजूचा फिन घ्या आणि नीट बघा. एक अंग सपाट, दुसरं फुगीर. पुढची धार गोलसर आणि जाड, मागची पातळ. जाडी सगळ्यात जास्त कुठे? पुढच्या धारेपासून साधारण एक तृतीयांश अंतरावर. सपाट अंग बोर्डाच्या मधल्या पट्टीकडे, फुगीर अंग बाहेर. पाणी दोन अंगांवरून वेगवेगळं वाहतं आणि फिन एका बाजूला ओढला जातो, तीच पकड. मधल्या फिनला दोन्ही अंगं सारखी फुगीर, कारण त्याला दोन्हीकडे सारखंच धरायचं असतं.

मापं चार आहेत.

बूड म्हणजे खाचेत बसणारी लांबी. बूड लांब असेल तर पाय दाबल्यावर बोर्ड पुढे पळतो. मीडियम संचाच्या बाजूच्या फिनचं बूड ११० मिमीच्या आसपास असतं.

खोली म्हणजे फिन पाण्यात किती खाली जातो. मीडियमला साधारण ११५ मिमी. हे फाळासारखंच आहे. फाळ खोल घातला की नांगर सरळ धरतो आणि बैलांना ओढ जास्त लागते. खोल फिन घट्ट धरतो, वेग थोडा खातो आणि शेपूट सहज सोडत नाही.

झोक म्हणजे फिन मागे किती कललेला. उभा फिन जागेवर गर्रकन वळवतो. मागे झुकलेला लांब, गोल वळण देतो. साधारण ३३-३४ अंश हा मधला झोक. त्याहून बराच कमी असेल तर उभा, बराच जास्त असेल तर झुकलेला म्हणायचा.

चौथं क्षेत्रफळ. वरच्या तिन्हींतून ते येतंच, पण स्वतंत्र बघायला हवं. खोली सारखी असली तरी रुंद शेंड्याचा फिन जास्त धरतो.

लवचीकपणा पाचवा म्हणता येईल. भरीव फायबरग्लासचा फिन ताठ असतो आणि ताकदीच्या लाटेत लगेच उत्तर देतो. हनीकोंबचा, म्हणजे आत पोळ्यासारखा गाभा असलेला, हलका आणि थोडा लवतो. साध्या प्लास्टिकचा सगळ्यात जास्त लवतो. तुम्ही दाबलेला जोर वळणात न जाता फिन वाकवण्यात खर्च होतो. ८२ किलोला मीडियम प्लास्टिक म्हणजे माप आणि माल दोन्ही कमी पडले.

शिरपूरकर

एक मुद्दा पटत नाही अप्पा. मुल्कीच्या मऊ लाटेत वेगच नसतो. तिथे मोठा फिन लावून ओढ कशाला वाढवायची? छोटा लावला तर बोर्ड मोकळा होतो आणि वळतोही.

लळिंगकर

शिरपूरकर, तुमचं म्हणणं ६० किलोच्या माणसाला लागू पडतं. भाऊ, तुन्हं वजन कितलं शे हाच पहिला प्रश्न, लाट त्याच्या मागून.

एफसीएस ही फिनची दुसरी कंपनी, तिच्या खोक्यावर वजनाचे पट्टे छापलेले असतात: स्मॉल ५५ ते ७० किलो, मीडियम ६५ ते ८०, लार्ज ७५ ते ९०, त्यावर एक्स्ट्रा लार्ज. पट्टे एकमेकांवर चढवले आहेत ते मुद्दाम. सीमेवरच्या माणसाने लाट आणि बोर्ड बघून वर-खाली करावं म्हणून. फ्यूचर्सचे पट्टे थोडे वेगळे पडतात, त्यांच्या खोक्यावरचेच बघा.

८२ किलोच्या माणसाने मऊ लाटेत स्मॉल फिन लावले तर काय होतं? बोर्ड पळवायला तो कडेकडेने दाब देतो, फिनला टेकायला पाणी पुरत नाही, शेपूट बाजूला सरकतं. ओढ कमी झाली, पण जोर पुढे जायच्या ऐवजी बाजूला गेला. वेग वाढला असं वाटतं, प्रत्यक्षात बोर्ड नुसता हलतो.

तुमचा मोकळेपणाचा मुद्दा मात्र खरा आहे. त्यावरचा उपाय असा: बाजूचे दोन फिन वजनाप्रमाणे पूर्ण मापाचे ठेवा आणि फक्त मागचा मधला एक माप लहान लावा. पळवण्याचं काम बाजूच्यांचं, धरून ठेवण्याचं काम मधल्याचं. मऊ लाटेत धरायचं कमी असतं म्हणून तोच लहान करायचा. एका फिनच्या खर्चात बोर्ड बदलल्यासारखा वाटतो.

शिरपूरकर

बरोबर आहे, हे मान्य. मग चार फिन कधी?

लळिंगकर

चार फिनांत मधला नसतो, त्यामुळे शेपटाच्या मध्यावरून पाणी विनाअडथळा निसटतं. बोर्ड सरळ आणि वेगात पळतो. दोन अगदी वेगळ्या जागी ते उपयोगी पडतात: कमरेच्या मऊ लाटेत, जिथे वेगच हवा असतो, आणि पोकळ, जलद लाटेत, जिथे उंच भिंतीवर कडेचे दोन फिन आत रुतून राहतात. मधल्या प्रकारच्या लाटेवर, जिथे वर-खाली वळणं घ्यायची असतात, तीन फिन जास्त आज्ञाधारक. चार फिनांवर लाटेच्या पायथ्याशी घ्यायचं वळण लांबतं, आणि मधल्या फिनवर रेलून गर्रकन फिरायची सवय असेल तर ते टेकणच नसतं.

मागची जोडी कुठे बसते तेही बघा. कडेला जवळ असेल तर बोर्ड मोकळा आणि पळता. मध्याकडे सरकलेली असेल तर तीन फिनांसारखा वागतो. पाच खाचांचा बोर्ड असल्याने अमळनेरकरांना एकाच दिवसात दोन्ही करून बघता येईल.

एक गोष्ट खाचेत बोट घालून तपासाच: फ्यूचर्सच्या पुढच्या खाचा पाऊण इंच खोल असतात आणि चार फिनांच्या मागच्या दोन बहुधा अर्धा इंच. पाऊण इंची बुडाचा फिन अर्ध्या इंची खाचेत बसत नाही, वर तरंगतो. तसाच स्क्रू आवळला की खाच तडकते. मागवण्याआधी मोजा.

अमळनेरकर

मोजलं. पुढच्या दोन आणि मधली पाऊण इंच, मागच्या दोन अर्धा इंच. आता दोन संच कोणते घेऊ ते सरळ सांगा.

तापीकाठ

पहिला संच: पाच फिनांचा, लार्ज, मधल्या झोकाचा, हनीकोंब किंवा फायबरग्लास. यात पुढची जोडी, मधला आणि मागची छोटी जोडी येते. एका खोक्यात तीनची आणि चारची दोन्ही रचना. जुलैत कोवलमला पिरियड १० सेकंदांच्या वर आणि लाट छातीपर्यंत असेल तर तीन लावा. महाबलीपुरमला लाट लांब भिंत घेऊन सरळ पळत असेल तर चार लावून बघा.

दुसरा संच: दोन उभे, रुंद बुडाचे फिन आणि सोबत छोटा मधला, अडीच-तीन इंचांचा. हा मुल्कीसाठी. कमरेच्या लाटेत हे दोन फिन वेग देतात आणि छोटा मधला शेपूट एकदम सुटू देत नाही. लाट मांडीइतकीच असेल तर मधला काढून ठेवा.

लांब बुडाचे, कमी खोलीचे कील फिन मिळतील, तेही मऊ लाटेत छान पळतात. पण ते आखूड, रुंद, माशाच्या शेपटीसारख्या बोर्डासाठी. ६ फूट ८ इंचाच्या, निमुळत्या शेपटाच्या बोर्डावर ते एका कडेवरून दुसऱ्या कडेवर जायला जड पडतात. म्हणून तुम्हाला सुचवत नाही.

मुल्कीला दुपारी खारा वारा सुटल्यावर उतरायचं असेल तर पहिल्या संचातले तीन लावा. चुरगळलेल्या पाण्यात शेपूट उसळतं, हवा फिनखाली जाते आणि पकड सुटते. तिथे खोल मधला फिन हवा.

आणि विनंती आहे, मोठ्या स्पर्धकाच्या नावाचा फिन त्याच्या नावासाठी घेऊ नका. ते फिन त्याच्या वजनाला आणि ताकदीच्या लाटांना बेतलेले असतात.

सावदा_ताई

लाँगबोर्डवाल्यांसाठी इथे काहीच आलं नाही, म्हणून थोडं लिहिते. मुल्की, गोवा, वर्कला इथे शिकणारे निम्मे लोक ९ फुटी बोर्डावर असतात.

एकच फिन असेल तर बोर्डाच्या प्रत्येक फुटाला एक इंच, हा जुना अंदाज सुरुवातीला पुरतो: ९ फूट बोर्डाला ९ इंच. वजन ५५ किलोच्या आत असेल तर अर्धा-एक इंच कमी करा. नाकावर चालत जाऊन उभं राहायचं असेल तर उभा, रुंद शेंड्याचा फिन. शेपूट पाण्यात धरलं गेलं तरच नाक वर राहतं. वळणं घ्यायची असतील तर मागे झुकलेला, निमुळत्या, लवचीक शेंड्याचा. एक मोठा आणि दोन छोटे अशी रचना असेल तर मधला ६ ते ७ इंच आणि बाजूचे साडेतीन इंचांच्या आसपास. मध्ये ९ इंची ठेवून बाजूचेही लावले तर बोर्ड वळायला ताठ होतो.

लाँगबोर्डला मध्ये एक लांब खाच असते, तिची गंमत अशी की फिन पुढे-मागे सरकवता येतो. पुढे सरकवला की बोर्ड मोकळा, मागे सरकवला की ताठ आणि सरळ. सुरुवातीला बरोबर मध्ये लावा, खाचेच्या कडेला पेन्सिलने खूण करा आणि एका वेळी एक सेंटिमीटरच हलवा. पाच-सहा लाटा घेतल्याशिवाय मत बनवू नका.

एक चूक वारंवार होते: मधल्या फिनचा स्क्रू हरवला की हार्डवेअरच्या दुकानातून चार मिलिमीटरचा स्क्रू आणला जातो. या खाचेतल्या चौकोनी पट्टीचे आटे बहुधा अमेरिकन ८-३२ मापाचे असतात. चार मिलिमीटरचा स्क्रू दोन फेरे सहज जातो, मग अडतो, आणि जोर लावला की पट्टीचे आटे जातात. पट्टी आणि स्क्रू जोडीनेच विकत घ्या आणि एक जोडी बॅगेत जास्तीची ठेवा.

नवापूर_फाटा

ताई, शिकाऊ मऊ बोर्डाला फिन बदलता येतात का?

सावदा_ताई

बहुतेकांना आरपार बोल्ट असतात, वरून नाण्याने फिरवायचे. त्याला त्याच मापाचे मऊ फिनच ठेवा. शिकताना बोर्ड अंगावर येतोच, आणि कडक फिनची मागची धार मांडी कापते. उतरताना फिन वाळूत आपटणार नाही एवढं पाणी असतानाच उतरा. गुडघ्याच्या खाली पाणी गेलं की उशीर झाला.

भुसावळ_यार्ड

बोर्ड रेल्वेने जाणार आहे म्हणून जोडणी आणि प्रवासाचं लिहितो. फिन काढूनच न्या. बसवलेल्या फिनवर कोणी सामान ठेवलं तर फिन मोडत नाही, खाच उपटते, आणि ती दुरुस्ती महाग.

किल्ली फ्यूचर्स आणि एफसीएस दोन्हींना एकच, ३/३२ इंची षटकोनी, म्हणजे २.३८ मिमी. सायकलवाल्याकडची अडीच मिमीची आत जात नाही आणि दोन मिमीची जाते पण सैल फिरून स्क्रूचं तोंड गोल करते. एकदा तोंड गोल झालं की स्क्रू काढायला ड्रिल लागतं. म्हणून इंची किल्लीच घ्या, दोन घ्या.

फ्यूचर्स बसवताना फिनचं मागचं टोक आधी खाचेच्या मागच्या बाजूला घाला, मग पुढचं दाबा, मग पुढचा तिरपा स्क्रू. हाताने लागेपर्यंत फिरवा, त्यापुढे पाव फेरा, बस्स. एफसीएस-२ उलटं: पुढची जीभ आधी, मग मागून दाबायचं, खट् आवाज येतो. काढताना मागच्या धारेला धरून वर ओढायचं. जुन्या एफसीएसला दोन वेगळ्या खाचा आणि प्रत्येकी स्क्रू असतात. जुना फिन नव्या एफसीएस-२ मध्ये जोडपट्ट्या लावून बसतो, नवा जुन्यात बसत नाही. फ्यूचर्सचा या दोन्हींत बसत नाही.

फिन खाचेत हलत असेल तर बुडाला प्लंबरची पांढरी टेप एक-दोन फेरे गुंडाळा. स्क्रू जास्त आवळून हलणं थांबवू नका.

पाण्यातून आल्यावर खाचा गोड्या पाण्याने धुवा. आपल्याकडच्या बोअरच्या पाण्याने नको, ते जड असतं आणि स्क्रूच्या तोंडात पांढरा थर धरतो. पिण्याचं एक लिटर पाणी पुरतं. मीठ धरून स्क्रू अडकला असेल तर कोमट पाणी ओतून दहा मिनिटं थांबा, किल्ली पूर्ण खाली टेकवा, मग फिरवा.

आणि उन्हाचं. मे महिन्यात भुसावळ-जळगावला पारा ४५ च्या आसपास जातो. बंद गाडीत किंवा पत्र्याच्या शेडखाली बोर्ड ठेवला तर आतल्या फोमपासून वरचा थर सुटतो. साध्या प्लास्टिकचे फिन कशाला टेकून ठेवले असतील तर वाकतात. वाकलेला फिन गरम पाण्यात धरून सपाट फरशीवर दाबून थंड करता येतो, पण सपाट अंग पूर्वीसारखं राहत नाही. फिन घरात, सपाट, एकावर एक न ठेवता.

एमआयडीसी_फायबर

माझं काम फायबरचं, म्हणून दुरुस्तीचं सांगतो. बोर्डाने वेग घेतला की खालून गुणगुण ऐकू येत असेल तर मागची धार तपासा. नख फिरवा, कुठेतरी खरचटलेलं किंवा बोथट सापडेल. पाणी मागच्या धारेवरून सुटताना भोवरे एकाआड एक पडतात आणि फिन थरथरतो, त्याचा तो आवाज. धारेवर २४० च्या पाणी-कागदाने ओलं घासा, मग ४००, मग ६००. घासायचं फुगीर अंगावरून, सपाट अंगाला हात लावायचा नाही. धार एक मिलिमीटरपर्यंत पातळ ठेवा, त्याहून धारदार नको, अंग कापतं.

पुढच्या धारेवर टवका गेला असेल तर: पूर्ण वाळवा, ८० च्या कागदाने खरबरीत करा, इपॉक्सीत चिरलेले काचतंतू मिसळून भरा, २४ तास ठेवा, मग घासा. बुडापासून शेंड्याकडे जाणारी आरपार चीर असेल तर फिन टाकून द्या. ती भरून चालत नाही, पाण्यात दाब आला की तिथूनच तुटतो.

शिरपूरकर

भो, फिन घरीच बनवता येईल का? जळगावला फायबरचं सामान तर मिळतं.

एमआयडीसी_फायबर

लाँगबोर्डचा एकेरी फिन करता येतो, कारण तो दोन्ही अंगांनी सारखा असतो. बाजूचे फिन जोडीने तंतोतंत जमवणं हाताने अवघड, एक जरा जाड झाला की बोर्ड एका बाजूला ओढतो.

ग्लास इपॉक्सीची तयार शीट घ्या, जी-१० म्हणतात ती. विजेच्या कामात इन्सुलेशनला वापरतात, त्यामुळे पॅनेल आणि ट्रान्सफॉर्मरचं सामान विकणाऱ्यांकडे मिळते. जाडी तुमच्या खाचेत व्हर्नियर लावून ठरवा, आणि शीट खाचेपेक्षा किंचित पातळ हवी. आकार कागदावर काढून चिकटवा, जिगसॉने बाहेरून दोन मिलिमीटर सोडून कापा. मग पुढच्या धारेपासून एक तृतीयांशावर रेघ ओढा. त्या रेघेवर पूर्ण जाडी राहिली पाहिजे. तिथून पुढे गोलसर, मागे हळूहळू पातळ. ग्राइंडरला ६० ची डिस्क लावून सुरुवात आणि १२० पासून पुढे हाताने. शीटचे थर घासताना डोंगरनकाशासारख्या रेघा दिसू लागतात. दोन्ही अंगांच्या रेघा सारख्या आल्या की फिन सारखा झाला.

काचेची धूळ फुप्फुसात बसते. एन-९५ मास्क, चष्मा, पूर्ण बाह्या, आणि जमेल तेवढं ओलं घासा. घरात, लहान मुलांजवळ हे काम करू नका.

शीटऐवजी कापड आणि रेझिनने थर रचायचे असतील तर २०० ग्रॅमी कापडाचा एक थर साधारण पाव मिलिमीटर देतो, म्हणजे आठ मिलिमीटरला ३० च्या वर थर. मे महिन्यात ते एका दमात रचू नका. रेझिन स्वतःच तापतं, बाहेर ४४ अंश, मधल्या थरांत ते उकळून पिवळं पडतं आणि तडकतं. दहा-दहा थर, मध्ये थंड होऊ द्या. पॉलिस्टर रेझिन असेल तर हार्डनर उन्हाळ्यात १ टक्का. त्याहून कमी केलं तर कच्चं राहतं.

लळिंगकर

अमळनेरकर, पाण्यात गेल्यावर काय चुकतंय ते ओळखायला हे जवळ ठेवा.

शेपूट अचानक निसटतं: फिनची खोली कमी आहे, किंवा मधला फार लहान झाला. आधी मधला मोठा लावा. तरी निसटत असेल तर बाजूचे.

बोर्ड ताठ, वळायला पूर्ण ताकद लागते: मधला मोठा झाला. तो एक माप कमी करा. तेवढ्याने भागलं नाही तर झोक कमी असलेले बाजूचे.

वळणानंतर वेग मरतो: बूड आखूड आहे किंवा फिन लवतोय. प्लास्टिक असेल तर तेच कारण.

सरळ जातानाही बोर्ड एका बाजूला ओढतो: डावा-उजवा फिन वेगवेगळ्या मापाचा, किंवा एक नीट दाबून बसलेला नाही. बाहेर या आणि बघा. पाण्यात राहून याचा उलगडा होत नाही.

एका वेळी एकच गोष्ट बदला. फिन, बोर्ड आणि जागा एकाच दिवशी बदलली तर फरक कशाने पडला ते सांगता येणार नाही. वहीत उंची, पिरियड, वारा, भरती की ओहोटी, आणि कोणता फिन, एवढं एका ओळीत.

नवापूर_फाटा

जाण्याआधी हतनूर धरणाच्या फुगवट्यात वल्हवायचा सराव केला तर कोणते फिन?

तापीकाठ

साठलेल्या पाण्यात नुसतं हाताने वल्हवायचं असेल तर मधला एकच फिन पुरे. जलपर्णी असेल तर जास्तीत जास्त मागे झुकलेला, म्हणजे वेल अडकत नाही, घसरून जाते. पाटबंधारे खात्याची परवानगी घ्या, लाइफ जॅकेट घाला आणि दरवाज्यांच्या बाजूला अजिबात जाऊ नका.

अमळनेरकर

दोन्ही संच आले. पाच फिनांचा लार्ज, आणि दुसरा दोन उभे अधिक छोटा मधला. घरी बोर्ड उलटा ठेवून पहिला संच बसवून पाहिला, तीन फिन, अप्पांनी सांगितल्याप्रमाणे. एक शंका: बाजूचे दोन्ही फिन वरून बघितलं तर शेंड्याकडे एकमेकांकडे झुकलेले दिसतात. फुगीर अंग आतल्या बाजूला येतंय. असंच असतं का?

तापीकाठ

नाही. डावा उजवीकडे आणि उजवा डावीकडे गेला आहे. बोर्ड उलटा असताना बाजूचे फिन फुललेल्या पाकळ्यांसारखे बाहेर कललेले दिसायला हवेत, काही अंशच, पण बाहेर. सपाट अंग मधल्या पट्टीकडे. दोन्ही काढा, बाजू बदला, आणि मग पुढच्या धारा बघा. दोन्हींची पुढची टोकं किंचित नाकाच्या दिशेने मध्याकडे वळलेली असली पाहिजेत, मागची टोकं थोडी लांब. तसं दिसलं तर बरोबर बसले.

अमळनेरकर

बदलले. आता शेंडे बाहेर, सपाट अंग आत. पट्टीने मोजलं, पुढच्या टोकांमधलं अंतर मागच्या टोकांपेक्षा १२ मिमी कमी आहे.

लळिंगकर

म्हणजे प्रत्येकी ६ मिमी, पाव इंच. नेहमीचं माप हेच. आता तिन्ही काढा, बुडावर पर्मनंट मार्करने डा, उ, म असं लिहा आणि स्क्रू किल्लीसोबत एका डबीत ठेवा.